पान पिवळे पडल्यावर: रानातली औषधे आणि त्यांची राखण



किनवट भागातील रोपवाटिकेसाठी मदतीची विनंती आपण मागील अंकात वाचली असेल. त्यावर एका मंडळीतील वडीलधाऱ्या गृहस्थांनी पत्र लिहून सरळच विचारले आहे की, वाड्या-गुड्यांवर गोळ्या-औषधे पोचवायची सोडून तुम्ही मुसळी आणि शतावरीची रोपे कशाला वाढवता? आजारी माणसाला रोप देऊन काय होणार? पत्र रागाचे नाही, काळजीचे आहे. शिवाय हा प्रश्न आणखी पुष्कळांच्या मनात असणार, म्हणून या तिमाहीचा अभ्यासपाठ मी त्याच विषयावर घेतो आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. गोळी एका बाजूला आणि झाडपाला दुसऱ्या बाजूला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात दवाखान्यातल्या कपाटातली किती तरी औषधे रानातूनच तिथे आली आहेत. हिवतापावरचे क्विनीन दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून आले. हिवतापावरच आज जगभर वापरले जाणारे आर्टेमिसिनिन एका चिनी दवण्यातून मिळाले आणि त्या शोधासाठी तू यूयू या चिनी संशोधक बाईंना २०१५ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. आपल्या चर्चच्या आवारात, कुंपणालगत, कुणी न लावताही उगवणारी गुलाबी-पांढरी सदाफुली घ्या. मूळची ती मादागास्कर बेटावरची. तिच्या पानांतून व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधे निघतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिनक्रिस्टिन अजूनही दिले जाते. मात्र कित्येकशे किलो सुकी पाने लागतात तेव्हा कुठे जेमतेम एखादा ग्रॅम औषध हाती येते. हे प्रमाण लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे. सदाफुली कुठेही उगवते, म्हणून तिचे निभावले. सगळ्याच झाडांचे तसे नसते.

तसे न निभावलेल्या एका झुडपाची हकिकत आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

सर्पगंधा हे गुडघ्याएवढे झुडूप. औषधी अंश असतो त्याच्या मुळात. वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी आणि झोप येण्यासाठी वैद्य आणि वैदू ते मूळ पिढ्यान्‌पिढ्या देत आले. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली त्यावर लेख लिहिला आणि या मुळाने रक्तदाब उतरतो हे नोंदवले. पण जगाचे लक्ष गेले ते १९४९ साली. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील हे केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन काय झाले ते ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. तोवर वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरांच्या हाती धड औषध नव्हते. तीन वर्षांत, १९५२ साली, स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्या मुळातून रेसर्पिन वेगळे काढले आणि त्याच्या गोळ्या जगभर जाऊ लागल्या. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आता झुडपाचे काय झाले ते पाहू. औषध मुळात, म्हणजे मूळ खणायचे आणि मूळ खणले की झाड संपले. मूळ चांगले भरायला दीड-दोन वर्षे तरी लागतात. एवढी वाट कोण पाहणार? जंगलेच्या जंगले खणून काढली गेली. पुढे आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका जातीत रेसर्पिन जास्त असल्याचे कळले आणि खरेदीदार तिकडे वळले. इकडचे रान मात्र रिकामे झाले ते झालेच. १९९० पासून सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटीस’ कराराची बंधने आहेत. पन्नाशी उलटलेल्या मंडळींपैकी कुणाच्या वडिलांनी रक्तदाबासाठी त्या जुन्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्या मुळाचे उपकार त्या घरावरही आहेत.

सह्याद्रीतल्या नरक्याची गोष्ट याच वळणाची आहे. लाकडाला घाण वास येतो म्हणून हे नाव. सरपणालाही ते कुणाला नको असे. त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असल्याचे भारतीय रसायनशास्त्रज्ञ गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवले. त्याआधी १९६६ साली अमेरिकेतल्या वॉल आणि वानी यांनी तेच द्रव्य एका चिनी झाडात शोधले होते. १९९६ साली त्यापासून बनवलेल्या कर्करोगावरच्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. मग कोकणात आणि कोल्हापूरच्या डोंगरपट्ट्यात या झाडाची कत्तल सुरू झाली. लाकडाचे तुकडे करून, वाळवून, पोती भरून माल रातोरात जाऊ लागला. तोडणाऱ्याला मिळत होती दिवसाची मजुरी. त्या लाकडातून काय निघते आणि ते कोणाच्या उपयोगी पडते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. मला यात सर्वांत जास्त खटकते ती हीच गोष्ट.

आता आपल्याकडे येतो. मी उमरीत राहतो. आमचा तालुका कापूस-सोयाबीनच्या काळ्या रानाचा, इथे जंगल म्हणावे असे फार नाही. पण मुदखेडला गाडी बदलून आदिलाबादच्या मार्गाला लागले आणि भोकर, हिमायतनगर मागे टाकले की देखावा पालटतो. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा धबधबा, पुढे किनवट, माहूरचे डोंगर, पलीकडे पैनगंगेचे अभयारण्य. सागाचे हे रान गोंड, कोलाम, आंध, परधान, नाईकपोड या बांधवांचे घर आहे. यांपैकी कोलाम समाज शासनाच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गटांमध्ये येतो. रानात हिरडा, बेहडा, आवळा, बेल, मोह, चारोळी, पळस, धावडा, सालई, कुडा, बिबा आहेत. ओढ्याकाठी अर्जुनसादडा आहे. पावसाळ्यात शतावरीच्या वेली चढतात आणि गवतातून मुसळीची पाती वर येतात.

मुसळीपाशी थोडे थांबू, कारण रोपवाटिकेचे मूळ तिच्यात आहे. पांढऱ्या मुसळीच्या ज्या जातीला बाजारात सर्वांत जास्त मागणी आहे, तिचे शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे. १९५० च्या दशकात फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी तिची जगाला नवी म्हणून नोंद केली. फादर सांतापाव हे स्पेनमधून आलेले जेझुइट धर्मगुरू. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवत आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचे प्रमुखही झाले. मिशनच्या माणसाने झाडापाल्यात का पडावे, असे विचारणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

मुसळीचे वर्षभराचे चक्र असे आहे. मृगाच्या पावसाबरोबर ती जमिनीतून वर येते. आषाढ-श्रावणात पांढऱ्या फुलांचा दांडा येतो. नंतर कांद्याच्या बियांसारखे बारीक काळे बी धरते आणि गळून पडते. भादव्याच्या शेवटी पाने पिवळी पडून वाळतात. वर काही दिसत नाही, पण खाली बोटाएवढ्या मुळ्यांचा झुपका तयार असतो. मुळ्या खऱ्या भरतात त्या यानंतर. शिवाय झुपक्याच्या माथ्यावरचा डोळ्यांचा भाग पुन्हा मातीत ठेवला, तर पुढच्या पावसात त्याच जागी रोप येते. म्हणजे योग्य वेळी, योग्य रीतीने काढली तर मुसळी संपण्याचे कारण नाही.

मग ती संपते का आहे? किनवटकडच्या एका कोलाम आजीने मला याचे उत्तर दिले. आजी ऐन श्रावणात, फुलावर आलेली मुसळी खणत होत्या. मी म्हणालो, "आजी, बी तर पडू द्या." त्या हसल्या. "मले शिकवतो का बाबू? आमची माय पान पिवळं पडल्याबिगर हात लावू देत नव्हती. पर आता म्या थांबले तर दुसरा खांदून नेतो. मंग म्या काय खावं?" एवढे बोलून त्या पुन्हा खणू लागल्या.

या बाईला ज्ञान कमी नाही. उलट तुमच्या-माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. कमी आहे तो भरवसा: आज मी राखले तर उद्या ते मलाच मिळेल, हा भरवसा. त्यात खरेदीदार ओला माल वजनावर घेतो. मुळ्या सोलून वाळवल्या तर पाच किलोंची जेमतेम किलोभर सुकी मुसळी होते. पण वाळवायला आठ दिवस लागतात, ऊन लागते, जागा लागते आणि मुख्य म्हणजे तेवढे दिवस घर चालावे लागते. पावसाळ्याचे महिने म्हणजे घरातले धान्य सरलेले असते, शेतातले नवे अजून यायचे असते. नेमक्या त्याच दिवसांत मुसळी जमिनीवर दिसते. रानाचा नाश हावेने होतो असे आपण सहज म्हणून जातो. मी पाहिला तो बराचसा उपासमारीने झाला.

बिब्याचे दुखणे निराळे आहे. बिब्याची गोडंबी मिठाईत पडते. वरचा केशरी गर वाळवून खातात, त्याला बिब्याची फुले म्हणतात. तेलाचा औषधी उपयोग आयुर्वेदात आहे आणि पूर्वी परीट कपड्यांवर खूण करायला तेच तेल वापरत. पण ते तेल कातडी जाळते. दगडावर बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात काळे पडतात, फोड येतात. आपल्या घरी लाडवात गोडंबी पडते तेव्हा हे हात कुणाला आठवत नाहीत. झाडाखालचा शेवटचा बिबाही वेचून नेला जातो, त्यामुळे खाली नवे रोप दिसत नाही. जुनी झाडे उभी आहेत खरी, पण घरात नुसते म्हातारे आणि एकही लेकरू नाही, अशी त्यांची गत आहे.

अर्जुनसादड्याची साल हृदयविकारासाठी विकली जाते. साल गोल काढली की वरून येणारे अन्न मुळांना पोचत नाही आणि झाड उभ्याउभ्या मरते. खोडाच्या घेराचा चौथा भाग, तोही उभ्या पट्ट्यात आणि आतली कोवळी साल शाबूत ठेवून काढला, तर जखम हळूहळू भरून येते. पुढच्या खेपेला दुसऱ्या बाजूने काढायची. हे काम सांगायला सोपे आहे. ठेकेदाराच्या माणसाला घाई असते, एवढाच प्रश्न.

देशभराचे चित्रही यापेक्षा फार वेगळे नाही. २००८ साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी झालेल्या पाहणीत व्यापारात असलेल्या ९६० औषधी वनस्पती मोजल्या गेल्या. त्यांपैकी १७८ वनस्पती वर्षाला १०० टनांहून अधिक खपतात आणि या १७८ मध्ये प्रामुख्याने लागवडीतून येणाऱ्या फक्त ३६ आहेत. बाकी बहुतेक रानातून, माळावरून, रस्त्याकडेहून येतात. चूर्णाच्या डब्यावर शेताचे चित्र असते म्हणून ते शेतातून आले असे समजू नये.

कायदा या बाबतीत आदिवासींच्या बाजूने आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासी कुटुंबांना व ग्रामसभेला दिला. त्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळे, कंद, मध, सगळे येते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि तिथल्या लोकांनी आपल्या बांबूचा कारभार स्वतः पाहून दाखवला. किनवट तालुक्यातला बराच भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने तिथे पेसा कायदाही लागू होतो. कोणत्या महिन्यात मुसळी काढायची आणि कोणत्या डोंगराला यंदा हात लावायचा नाही, हे ग्रामसभेने ठरवले तर ते गावाला बांधून घेते. आजींना हवा असलेला भरवसा इथून येऊ शकतो. बाहेरच्या कुणाच्या उपदेशातून तो येणार नाही.

ज्ञानाची राखणही तेवढीच निकडीची आहे. हळदीने जखम भरते हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक. तरी १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे पुरावे दिले, तेव्हा १९९७ साली ते रद्द झाले. हळद ग्रंथांत होती म्हणून वाचली. कोलामांचे ज्ञान कोणत्या ग्रंथात आहे? ते त्या आजीच्या तोंडी आहे. त्यांची नातवंडे आश्रमशाळेत आहेत आणि सुटीत घरी आली की मोबाइल पाहतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकांकडून ऐकून जैवविविधता नोंदवही करायची आहे. ती नुसती कार्यालयात भरून ठेवण्याची वही होऊ नये. डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’ हे पुस्तक जिज्ञासूंनी जरूर मिळवून वाचावे. गडचिरोलीतल्या बाया झाडांविषयी काय सांगतात ते त्यांनी ऐकून लिहून ठेवले आहे. गोईण म्हणजे मैत्रीण.

आता एक इशारा, आणि तो मी ठामपणे देतो. रानातले म्हणजे निर्धोक, हे खरे नाही. बचनाग आणि कण्हेर दोन्ही औषधात आहेत आणि दोन्ही जीव घेतात. गुळवेल तर करोनाच्या काळात घरोघरी उकळली गेली. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, हे तपासले गेले नाही. दोन्ही बाजू ऐकल्या तरी सामान्य माणसाने घ्यायचा बोध एकच: ओळख पटल्याशिवाय आणि जाणत्या वैद्याला विचारल्याशिवाय काढा पिऊ नये. आणि साप चावला तर कोणतीही मुळी शोधत बसू नये. तडक सरकारी दवाखाना गाठावा. प्रतिविष तिथेच मिळते आणि सर्पगंधेच्या नावात साप असला तरी ती सापाच्या विषावर उतारा नाही. आमचे कार्यकर्ते रोपे घेऊन जातात तेव्हा ही गोष्ट आधी सांगतात.

पवित्र शास्त्रात या विषयाला जागा आहे. हिज्कीया राजा मरणाला टेकला असता यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला (दुसरे राजे, अध्याय २०). पण या पाठासाठी मी त्याहून अनुवादाच्या २२ व्या अध्यायातली घरट्याविषयीची आज्ञा निवडीन. वाटेत घरटे सापडले तर पिले घ्यायला मोकळीक आहे, मात्र आईला सोडून द्यायचे आहे. मोशेने ती गोष्ट पाखरांविषयी सांगितली. मुसळीच्या झुपक्याचा माथा मातीत परत ठेवताना मला ती दर वेळी आठवते.

पत्र लिहिणाऱ्या काकांना आता उत्तर देता येईल. गोळ्यांची पेटी आपण पाठवत आहोत आणि पाठवत राहू. रोपवाटिकेचे काम तिच्या जागी नाही, तिच्या जोडीला आहे. मुसळीचे डोळे आणि शतावरीचे बी बांधावर, परसात लावले तर पावसाळ्यातल्या त्या रिकाम्या महिन्यांत रानात धाव घ्यावी लागत नाही. वाळवणासाठी सामायिक ओटा झाला तर ओला माल पडेल त्या भावाने द्यावा लागत नाही. बिब्याची रोपे मोठी होऊन फळायला बरीच वर्षे जातील, त्यांचा हिशेब पुढच्या अहवालात मागू नये ही विनंती.

भगिनी मंडळे आणि तरुण संघांनी या पाठावर चर्चा करताना आपल्या घरातले चूर्ण, तेल, काढे यांचे डबे सभेला आणावेत. डब्यावरची वनस्पतींची नावे वाचावीत आणि त्यांपैकी कोणत्या पानाफुलांतून येतात, कोणत्या मुळांतून आणि सालींतून, हे वेगळे करून पाहावे. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला तिच्या लहानपणीची पाच औषधी झाडे विचारून, ती आज गावात कुठे आहेत ते शोधावे. ज्यांच्या शेताच्या बांधावर बिबा, बेहडा किंवा अर्जुनसादडा असेल त्यांनी खाली पडलेले पक्के बी आमच्याकडे पाठवावे. बी सावलीत वाळवून कागदाच्या किंवा कापडाच्या पिशवीत घालावे, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. पिशवीवर गावाचे नाव आणि वेचल्याचा महिना लिहावा. बिबे मात्र उघड्या हाताने वेचू नयेत, हाताला फडके गुंडाळावे.